मेला, पण कशानं?

पेपरात बातमी कुठं छापतात त्यावरनं माणसाची किंमत कळते. गटारात गुदमरून मेलेला माणूस आतल्या पानावर, चार ओळींत. ‘दुर्दैवी मृत्यू’ हे दोन शब्द छापखान्यात आधीच जुळवून ठेवलेले असावेत. नाव असतं, वय असतं. जात नसते. ती लिहायची गरजच नाही, वाचणारा मनातल्या मनात भरून घेतो.

२०२१च्या जुलैत राज्यसभेत प्रश्न आला : गेल्या पाच वर्षांत हातानं मैला उपसताना किती मेले? लेखी उत्तर आलं : एकाही मृत्यूची नोंद नाही. उत्तर देणारे राज्यमंत्री रामदास आठवले. पँथरच्या नावानं ज्यांनी गल्लीबोळ दणाणून सोडले, त्यांच्याच नावावर हा शून्य संसदेच्या कागदावर चढला.

शून्य आला कुठनं? हिशेब सोपा आहे. सरकारदरबारी मैला उचलणारा वेगळा आणि गटारात उतरणारा वेगळा. डोक्यावर टोपली असेल तर हा रकाना, मॅनहोलात उतरला तर ‘धोकादायक सफाई’चा तो रकाना. विचारलं एका रकान्याचं, मुडदे पडले दुसऱ्यात. माणूस बुडाला नदीच्या या काठाला आणि पंचनामा केला त्या काठाचा, मग बुडालेला सापडणार कसा?

त्याच सालच्या डिसेंबरात सरकारनंच संसदेत आणखी एक आकडा दिला. हातानं मैला उचलणारे ५८,०९८ सापडले. त्यातल्या ४३,७९७ जणांची जात नोंदलेली, आणि त्यात अनुसूचित जातींचे ४२,५९४. शंभरात सत्त्याण्णव. म्हणे जात गेली! गेली असेल, पण गटारात जाताना आम्हालाच सोबत घेऊन गेली.

कायदा नाही असं नाही. १९९३ला एक झाला, २०१३ला दुसरा. संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. सुप्रीम कोर्टानं २०१४ला सांगितलं, १९९३पासून गटारात मेलेल्यांच्या घरी दहा लाख द्या. २०२३ला म्हणालं, तीस लाख द्या. आमचा माणूस मेल्यावरच महाग होतो. जिवंत असतो तोवर दिवसाच्या रोजावर मिळतो.

६ ऑक्टोबर २०२५ला सरन्यायाधीश भूषण गवईंवर भरकोर्टात एका वकिलानं सनातनच्या नावानं जोडा उगारला. गवई हलले नाहीत, कामकाज चालू ठेवलं. ते पहिल्या पानावर आलं, आणि यायलाच हवं होतं. आमचा माणूस सगळ्यात वरच्या खुर्चीत बसला तर त्याला जोडा, सगळ्यात खाली उतरला तर गॅस. पण दोस्तहो, जोडा चुकतो. गॅस चुकत नाही.

आम्ही गोदीतली माणसं जहाजाच्या बंद पोटात उतरतो. झाकण उघडलं की लगेच उतरू नये, आत हवा आहे का बघावं, वर दोर धरून माणूस ठेवावा. एवढं मॅट्रिक झालेल्या हमालाला कळतं. ते इंजिनियर साहेबांना कळत नाही? कळतं की! पण मशीनला पैसे पडतात, आणि वस्तीतल्या पोराच्या घरात पीठ संपलेलं असतं. ठेका ज्याला मिळतो तो दुसऱ्याला देतो, दुसरा मुकादमाला, मुकादम नाक्यावरनं दोन पोरं उचलतो. वरनं खाली सरकता सरकता जबाबदारी गळून जाते आणि तळाला फक्त माणूस उरतो.

तर आपण काय करायचं? कविता लिहायची? जरूर लिहा, पण नंतर. आधी पोलीस ठाण्यात जा. ‘अकस्मात मृत्यू’ लिहून वही मिटू देऊ नका. २०१३च्या कायद्याचं कलम लावायला लावा. ॲट्रॉसिटी लावायला लावा. ठेकेदारापाशी थांबू नका. ठेका कुणी दिला, कामाचा हुकूम कुणाचा, बिल कोण पास करणार होतं, ती नावं फिर्यादीत घाला. गुन्हा नोंदला तर मरणही नोंदलं जाईल. नाही तर पुढल्या अधिवेशनात पुन्हा शून्यच.

जयंतीला डीजे लावायला वर्गणी गोळा होते. वकिलाच्या फीलाही होईल. वस्तीवस्तीत पाच-पाच पोरं एवढ्या एका कामाला उभी राहिली तरी त्या शून्याची टरटरून चिंधी होईल.

जय भीम!