माळ मोकळा राहू द्या

दिवाळीच्या सुमारास सोलापूर, इंदापूर, बारामतीकडचे माळ पिवळे होतात. पवन्या, मारवेल पिकतात, कुसळं कपड्यांना चिकटतात. हवामान बदल म्हटलं की आपल्याला हिमालयातलं बर्फ आठवतं, बुडणारी बेटं आठवतात. हा माळ आठवत नाही. म्हणूनच यंदाच्या अंकाची सुरुवात आम्ही त्याच्यापासून करतो आहोत.

टिटवी, धाविक, चंडोल यांचं घरटं जमिनीवरच, बहुतेक वेळा एक उथळ खळगा. ऐन उन्हाळ्यात त्यात अंडी असतात. पुढे पाऊस पडावा, गवत उगवावं, नाकतोडे व्हावेत आणि पिलांना घास मिळावा, असा हा क्रम. २०२५ मध्ये मे महिन्यातच बारामती-इंदापूरच्या शेतांत पाणी साचलं आणि सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं सोलापूर जिल्ह्यातल्या गावांना वेढा घातला. बुडालेल्या पिकांचे पंचनामे झाले. माळावर काय वाहून गेलं, याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

माळढोकाचं दुखणं आणखी गुंतागुंतीचं आहे. त्याच्यासाठी १९७९ मध्ये नान्नज परिसरात अभयारण्य झालं; आज तिथंही त्याचं दर्शन दुर्मीळ झालं आहे. देशात उरलेले सुमारे दीडशे माळढोक बहुतेक राजस्थानात आहेत. मादी एका विणीला सहसा एकच अंडं घालते, त्यामुळे मेलेल्या पक्ष्याची जागा लवकर भरून निघत नाही. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. समोरची विजेची तार वेळेत दिसत नाही आणि दिसली तरी एवढ्या जड अंगाला झटकन वळता येत नाही. थर आणि कच्छमध्ये या तारा आता सौर आणि पवन प्रकल्पांतूनही निघतात. हवामान सावरण्यासाठी तयार केलेली वीजच या पक्ष्याच्या वाटेत आली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. सौरऊर्जा आपल्याला हवीच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण प्रकल्पाची जागा ठरवताना माळढोकाचा विचार आधी झाला पाहिजे. तारा ओढून झाल्यावर समित्या नेमून तो वाचणार नाही.

आपल्याकडे हीच घाई झाडांच्या बाबतीत दिसते. राज्यानं २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं. हेतू चांगला, पण मोकळी जमीन दिसली की सलग समतल चर खणायचे आणि ग्लिरिसिडिया लावायचा, हे माळाच्या मुळावर येतं. गवत कार्बन साठवतं ते मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत. वर गुरं चरली, वणवा गेला तरी त्यातला बराचसा तिथंच राहतो. सावली झाली की गवत हटतं. मग चिंकारा, खोकड, लांडगा यांचा आसराही जातो आणि धनगरांच्या मेंढ्यांची चराईही. ज्यांनी हे माळ पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्यांना विचारल्याशिवाय तिथं कुदळ मारू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तेव्हा वाढदिवसाला, स्मरणार्थ झाड जरूर लावा. बांधावर लावा, रस्त्याकडेला लावा, तोडलेल्या जंगलाच्या जागी लावा. गावच्या गायरानावर वृक्षारोपणाचा किंवा सौर प्रकल्पाचा ठराव आला, तर ग्रामसभेत उभं राहून तिथं कोणते पक्षी-प्राणी आहेत आणि कोण चारतं, ते आधी नोंदवायला लावा. आणि सुटीत इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळाकडे जाणार असाल, तर लांडग्याच्या फोटोसाठी गाडी वाटेबाहेर घालू नका. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेले भोवत्या पक्षी रात्री गवतात, जमिनीवरच झोपतात. अंधार पडायच्या आत माळ सोडा.