झाड लावले, पुढे काय?



जुलै महिना आला, की शाळाशाळांतून वृक्षारोपण होते. खड्डे खणलेले असतात. पाहुणे येतात, रोपे लावतात, मुले टाळ्या वाजवतात. ही प्रथा चांगली आहे. आपल्या देशात वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला. त्या वेळचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो सुरू केला.

पण मी तुम्हांला एक साधा प्रश्न विचारतो. गेल्या वर्षी लावलेले रोप आज कोठे आहे? पुष्कळ ठिकाणी खड्डा तोच असतो आणि रोप नवे असते! जुने रोप मे महिन्यात वाळून गेलेले असते.

याचे कारण आपणा सर्वांना माहीत आहे. भडगाव हे गिरणा नदीकाठचे गाव. पावसाळ्यात नदीला पाणी असते, हवा थंड असते आणि रोप आनंदाने वाढते. उन्हाळ्यात मात्र खानदेशात पारा कधी कधी ४५ अंशांजवळ जातो. काळ्या जमिनीला भेगा पडतात. नेमक्या त्याच वेळी शाळेला सुट्टी असते. रोपाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा त्याच्याजवळ कोणीच नसते.

म्हणून माझे मत असे आहे, की आपण थोडी झाडे लावावीत. पण लावलेले प्रत्येक झाड जगवावे. शंभर रोपे लावून विसरण्यापेक्षा पाच रोपे जगवणे चांगले.

झाड राखल्याने काय होते, हे आपल्याच भागात पाहायला मिळते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचे लहानसे आदिवासी गाव आहे. एके काळी तेथील डोंगर उघडे पडले होते. झाडे तुटली होती. पाण्यासाठी बायकांना दूर जावे लागे. मग चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकरी एकत्र आले. झाडे तोडायची नाहीत, असा नियम त्यांनी केला आणि जंगलाची राखण केली. हळूहळू डोंगर पुन्हा हिरवे झाले. पावसाचे पाणी जमिनीत मुरू लागले आणि विहिरींना पाणी आले. या कार्यासाठी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. हे काम एका दिवसाच्या समारंभाने झाले नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे राखण करावी लागली.

झाडांमुळे आपल्या मनालाही लाभ होतो. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण होते. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींच्या खिडकीतून फक्त विटांची भिंत दिसे. झाडे पाहणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदना कमी करणारी तीव्र औषधेही कमी लागली. नुसते झाड दिसल्याने एवढा फरक पडतो. मग स्वतःच्या हातांनी वाढवलेल्या झाडाचा आनंद किती असेल!

बागेची आवड तर तुमच्या आणि माझ्या भाषेतच आहे. बाग, बगीचा, गुलाब, जमीन, हवा हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. बादशहा बाबराने आजच्या अफगाणिस्तानात जलालाबादजवळ 'बाग-ए-वफा' नावाची बाग केली होती. तेथे त्याने केळी लावल्या आणि त्या चांगल्या वाढल्या, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. जी केळी पाहायला आपल्याला शेताच्या बांधापर्यंतच जावे लागते, तिचे बादशहालाही कौतुक वाटले!

तुम्ही म्हणाल, "सर, पिण्यालाच पाणी पुरत नाही. झाडाला कोठून घालायचे?" तुमचे म्हणणे खरे आहे. पण झाडाला वेगळे स्वच्छ पाणी लागत नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी चालते. वुजूचे पाणीही एका बादलीत जमा करता येते. साबणाचे पाणी मात्र घालू नका. रोपाजवळ एक जुने मडके पुरा. त्याच्या बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात घाला. मडके भरून झाकून ठेवले, की पाणी थेंबथेंब मुळांपर्यंत जाते. आपल्याकडील केळीच्या बागांना ठिबकने पाणी देतात, त्यातही हेच तत्त्व आहे. आळ्यात वाळलेला पाला पसरला, तर ओल जास्त दिवस टिकते.

"आमच्या घरी अंगण नाही," असेही काही जण म्हणतील. हरकत नाही. तेलाच्या जुन्या डब्यात पुदिना येतो. गच्चीवरच्या कुंडीत मोगरा फुलतो. जागा थोडी मोठी असेल, तर मेंदी किंवा शेवगा लावा. शाळेच्या आवारासाठी कडुनिंब उत्तम. तो एकदा मोठा झाला, की फारसे पाणी मागत नाही आणि दाट सावली देतो.

मला वाटते, शाळेत प्रत्येक वर्गाचे एक झाड असावे. त्याच्याजवळ वर्गाचे नाव लिहावे. शाळेजवळ राहणाऱ्या मुलामुलींनी सुट्टीतील दिवस आपसांत वाटून घ्यावेत. दहावीची मुले शाळा सोडताना ते झाड लहान मुलांच्या हाती सोपवतील.

येत्या जुलैमध्ये तुम्हीही रोप लावाल. त्याआधी वर्गात बसून एक गोष्ट ठरवा. मे महिन्यात त्याला पाणी कोण घालणार? ती नावे कागदावर लिहा आणि मगच खड्डा खणा.