सरावाचे सामने कुंपणाआड कां?

गोमंतकाच्या नांवानें खेळणाऱ्या व्यावसायिक फुटबॉल-संघानें मोसमापूर्वीचे आपले सरावाचे सामने इब्रामपूरसारख्या गांवीं येऊन, तेथल्या पोरांशीं, साऱ्या गांवाच्या देखत खेळावेत, अशी आमची मागणी आहे. ती ऐकून शहरांतले क्रीडारसिक हंसतील, आणि आमच्याच देवस्थानांतील कांहीं वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. दोघांनाही उत्तर देणें प्राप्त आहे.

हे सामने असतात कशासाठीं? खेळाडूंच्या पायांत दम आला कीं नाहीं, हें प्रशिक्षकाला पाहावयाचें असतें. पूर्वार्धांत एक अकरा, उत्तरार्धांत दुसरे अकरा उतरवितात. निकाल स्पर्धेच्या तक्त्यांत कोठेंच नोंदला जात नाहीं. औदार्य दाखविण्यास याहून स्वस्त संधि संघाला वर्षभरांत लाभत नाहीं. पण हाच खेळ बहुधा सराव-मैदानाच्या कुंपणाआड उरकला जातो, नाहीं तर परमुलखांत. २०१४ सालीं स्थापन झालेला एफ. सी. गोवा हा संघ २०१७ सालीं पूर्वतयारीसाठीं थेट स्पेनला गेला. जावें, विद्या जेथें असेल तेथें जावें. मात्र धेंपे, साळगांवकर व स्पोर्टिंग या तीन संघांनीं २०१६ सालीं राष्ट्रीय स्पर्धेंतून अंग काढून घेतल्यापासून गोव्याच्या नांवाचा मोठा भार या संघाच्या खांद्यावर आला आहे. नांव गोव्याचें घ्यावयाचें आणि पेडणें तालुका नकाशावर पाहावयाचा, हें कसें चालेल?

फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनीं १८८३ सालीं शिवोलीस हा खेळ आणला, असें सांगतात. शिवोलीच्या कडेनें वाहणारी शापोरा नदी इब्रामपूरकरांना परकी नाहीं. तिळारीचें पाणी घेऊन तीच इब्रामपूर-हणखणे या बाजूनें खालीं उतरते, आणि २०१९ व २०२१ सालच्या पुरांत तिनें या गांवांचे जे हाल केले ते अजून लोकांच्या ध्यानांत आहेत. त्या नदीच्या मुखाशीं रुजलेला खेळ उगमाच्या दिशेनें चढावयास एवढीं वर्षें पुरलीं नाहींत काय? खेळ चढला; पोरें चेंडूमागें धांवतात. परंतु प्रशिक्षक, हिरवळीचें मैदान, पारखणारी नजर हें सारें बारदेश-साष्टींतच राहिलें. जुन्या काबिजादींत फेस्ताच्या निमित्तानें गांवोगांवचे संघ भिडतात. १७८८ सालीं पोर्तुगीज अमलाखालीं गेलेल्या पेडण्यांत जत्रेला नाटक होतें, सामना होत नाहीं.

येथेंच आमच्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप येतो: "तो खेळ आपला नव्हे." मग कोणाचा? भारतीय संघाचें नेतृत्व केलेले आणि १९९७ सालीं अर्जुन पुरस्कार मिळविलेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर कोणाचे? महेश गवळी, समीर नाईक कोणाचे? पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविणाऱ्या धेंपे संघाचें मूळ १९६१ सालच्या डिचोलीच्या क्लबांत आहे, आणि डिचोली तर आमच्या शेजारचीच. धेंपे आणि साळगांवकर हीं घराणीं कोणत्या देवळांचीं कुळावी, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

याहून मोठा दाखला तर आपल्या सभामंडपांतच आहे. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर यांसारखीं दशावतारी मंडळें पोटासाठीं खेळणारीं, म्हणजे पुरतीं व्यावसायिक. जत्रांच्या दिवसांत तीं आज एका गांवीं तर उद्यां दुसऱ्या गांवीं असतात. देऊळ लहान आहे, रंगमंच नाहीं, म्हणून एखाद्या गांवाला नकार दिल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं. पेटारा उतरला, गणपतीचें पूजन झालें, कीं समोर हजार माणसें असोत वा पन्नास, राजा त्याच ऐटींत प्रवेश करतो. आणि पहांटेपर्यंत डोळे ताणून पाहणाऱ्या पोरांपैकींच कोणी पुढें तोंडाला रंग लावून उभा राहतो. कला गांवांत उतरली म्हणून तिला वारस मिळाले. चेंडूचा नियम निराळा असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

"पण तुमच्या पोरांवर गोलांचा पाऊस पडेल!" पडेना. जर्मनींतील बायर्न म्युनिकसारखा बलाढ्य संघ तेगर्नझे तळ्याकांठच्या रोटाख-एगर्न या लहानशा गांवाच्या हौशी संघाशीं असे सामने खेळत आला आहे. २०१८ सालीं २०–२, २०१९ सालीं २३–०, आणि २०२३ सालीं तर २७–०! तरी तें गांव लाजून घरीं बसलें नाहीं; पुढल्या वर्षीं पुन्हां मैदानावर उभें राहिलें. इंग्लंडांत २०१८ सालीं चेस्टरचा क्लब कर्जानें बुडूं लागला व मुख्य लीगच्या बाहेर आणखी खालीं घसरला. त्याच जुलै महिन्यांत लिव्हरपूलचा संघ त्याच्या मैदानावर जाऊन खेळला. चेस्टर ७–० असा हरला, पण तिकिटांनीं त्याची गंगाजळी भरली.

मैदानाविषयींचा आक्षेप मात्र खरा आहे. मोसमापूर्वीचे दिवस म्हणजे आमच्याकडे बहुधा पावसाचे. शेतांत भात उभें, आणि सड्यावर जांभा दगड. मोपाच्या सड्यावर तर आतां २०२२ सालीं उद्घाटन झालेला विमानतळ पसरला आहे. लाखो रुपयांचा पाय अशा जागीं मुरगळावा, असें कोण म्हणेल? म्हणूनच मैदान सारखें करण्याचा भार गांवानें उचलला पाहिजे, आणि त्यांत देवस्थानानें पुढें व्हावें. पालखीच्या वाटेवरचे दगड आपण वेंचतोंच ना? पाहुण्या खेळाडूंना अग्रशाळेंत उतरवावें, भात-आमटी वाढावी, आणि ते कोणत्या धर्माचे हें विचारूं नये.

२०२५ च्या ऑक्टोबरांत सौदी अरेबियाचा अल-नस्र संघ फातोर्ड्यास आला, तेव्हां अवघा गोवा रोनाल्डोची वाट पाहत होता. तो आलाच नाहीं. इब्रामपूरच्या पोरांना रोनाल्डो नको. त्यांच्याच भाषेंत बोलणारा एखादा मधल्या फळींतला खेळाडू पंचेचाळीस मिनिटें त्यांच्यासमोर धांवला तरी पुरे.

तिकीट लावावें कीं नाहीं, तें गांवानें ठरवावें. लावल्यास तो पैसा मैदानाच्या निचऱ्याला आणि पोरांच्या बुटांना लागावा, सभामंडपाच्या रंगाला नव्हे. यावर कांहीं महाजन रागावतील, रागावोत.