कॉम्प्युटरला लायसन्स दिसतं, बंदूक दिसत नाही

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांना फक्त ढोल प्रॅक्टिसचे फोटो बघायचेत त्यांच्यासाठी ते कालच टाकलेत.

मागच्या शनिवारी प्रॅक्टिस संपवून आम्ही दोघं घरी निघालो. गाडी मित्राची, चालवतही तोच होता, मी शेजारी. डिकीत दोन ढोल, एक ताशा आणि टिपरूंची पिशवी. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. मागचा एक दिवा गेलाय म्हणून पोलिसाने थांबवलं. दिवा खरंच गेला होता, त्याबद्दल तक्रार नाही. मित्राने ड्रायव्हिंग लायसन्स आणि इन्शुरन्सचा कागद दिला. पोलीस तरुण होता, सभ्य होता, कुठून येताय वगैरे हसून विचारलं आणि कागद घेऊन आपल्या गाडीत जाऊन बसला.

परत आला तो जणू दुसराच माणूस. खिडकीपाशी न येता मागच्या दरवाजाच्या रेषेत थांबला, हात कमरेच्या पिस्तुलावर. पहिला प्रश्न: ‘बंदूक कुठे आहे?’

मित्राचा गॅस स्टेशनचा धंदा आहे. रात्री गल्ला घेऊन निघावं लागतं, म्हणून त्याने काही वर्षांपूर्वी एलटीसी काढलं, म्हणजे टेक्सासचं हँडगन बाळगण्याचं लायसन्स. प्रॅक्टिसला लहान पोरं असतात, म्हणून त्या दिवशी पिस्तूल दुकानातल्या तिजोरीत होतं. त्याने तसं सांगितलं. पोलिसाला ते पटलं नाही. मग गाडीतून उतरा, हात वर, अंगझडती, कर्बवर बसा. दुसरी पोलीस गाडी आली. ‘गाडी तपासू का?’ असं विचारलं, आणि या गृहस्थाने घाबरून हो म्हटलं. डिकीतून टिपरू बाहेर काढून ‘हे काय आहे?’ हा प्रश्न मलाही विचारून झाला. आता टिपरू काय असतं ते टॉर्चच्या उजेडात इंग्रजीतून समजावून दाखवा एकदा! ३५ मिनिटांनी दिव्याबद्दल तोंडी वॉर्निंग देऊन सोडलं. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांत आपल्याच ओळखीची किती मंडळी होती देव जाणे.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुद्दा त्या एका पोलिसाचा नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणाला, ‘बंदूक ठेवायचीच कशाला? आपण काय काउबॉय आहोत का?’ दुसरा म्हणाला, ‘पोलिसाला लायसन्सचं कळायलाच नको, हा प्रायव्हसीचा प्रश्न आहे.’ मला दोन्ही पटत नाही. मी स्वतः बंदूक ठेवत नाही, ठेवणारही नाही. आणि पोलिसांना ही माहिती मिळू नये असंही माझं म्हणणं नाही. रात्री एकट्याने अनोळखी गाडीकडे चालत जाणाऱ्या माणसाला जे कळणं शक्य आहे ते कळू दे. प्रश्न असा आहे, की त्याला नक्की काय कळतं?

टेक्सासमध्ये कुणाकडे एलटीसी आहे हे सामान्य माणसाला विचारता येत नाही. पोलिसांना आणि फौजदारी यंत्रणेला विचारता येतं, आणि ड्रायव्हिंग लायसन्स तपासलं की ते पडद्यावर येतं. पण पडद्यावर काय येतं ते नीट बघा. या माणसाने अर्ज केला, बोटांचे ठसे दिले, पार्श्वभूमीची तपासणी झाली, वर्ग केला, लेखी परीक्षा आणि नेमबाजीची चाचणी पास झाला, एवढंच. आज गाडीत बंदूक आहे की नाही हे त्यात नाही. म्हणजे राज्याने स्वतः पारखून घेतलेला माणूस, असा तो शिक्का. वाचणारा मात्र त्याचा अर्थ घेतो: सावध, हत्यारबंद.

आणि ज्याने यातलं काहीच केलं नाही त्याचं काय? टेक्सासमध्ये स्वतःच्या गाडीत झाकून हँडगन ठेवायला २००७ पासून लायसन्स लागत नाही. सप्टेंबर २०२१ पासून तर २१ वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या कुणालाही ती लायसन्सशिवाय कमरेला लावून फिरता येते. त्या माणसाचा नंबर टाकला की पडदा कोरा. गंमत पुढे आहे. पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि हँडगन जवळ असेल, तर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर एलटीसीही दाखवायचं हे कलम आजही आहे, पण ते फक्त एलटीसीवाल्यांसाठी. ज्याच्याकडे लायसन्सच नाही त्याला हे बंधन नाही. रांगेत उभा राहून फॉर्म भरणाऱ्यावर बंधन, आणि रांग टाळणारा मोकळा. (न दाखवण्याबद्दलची शिक्षा २००९ मध्येच काढून टाकली, कलम तेवढं उरलंय.)

गावाकडच्यांना हे समजावायला लागणार नाही. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना नोटिसा येतात, आजोबांची जुनी बारा बोअर ठाण्यात जमा होते. गावठी कट्टा बाळगणाऱ्याला नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवणार? ज्याची नोंद आहे त्यालाच धरायचं, कारण तो सापडतो. ही खोड देश बदलला तरी तीच दिसते.

हे आपल्याच बाबतीत झालं असंही नाही. २०१३ च्या अखेरीस फ्लोरिडाचं परमिट असलेला एक गृहस्थ कुटुंबासह मेरीलँडमधून जात होता. पिस्तूल फ्लोरिडात घरी होतं. तिथल्या पोलिसाला परमिटची माहिती आधीच मिळालेली होती आणि त्याचाही प्रश्न तोच, बंदूक कुठे आहे. बायकोमुलांसमोर तासाहून जास्त वेळ गाडी उचकली, काही निघालं नाही. जवळजवळ आमचीच गोष्ट, फक्त ढोल नव्हते.

आता कुणी म्हणेल, एवढंच ना, अर्धा तास गेला, जीव तर वाचला. बरोबर आहे. म्हणूनच जीव गेलेल्या माणसाबद्दल बोलू. फिलँडो कॅस्टील, मिनेसोटा, ६ जुलै २०१६. सेंट पॉलच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात सुपरवायझर होता, वय ३२. त्यालाही मागच्या दिव्याचं कारण सांगून थांबवलं होतं. शेजारी मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. परमिट होतं. त्याने स्वतःहून, शांतपणे, ‘सर’ म्हणून सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे. मिनेसोटात पोलिसाने विचारल्याशिवाय हे सांगण्याचं बंधनही नव्हतं. त्यानंतर काही सेकंदांत सात गोळ्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

तिथे पडद्याने काही सांगितलं नव्हतं, माणसाने स्वतः तोंडाने सांगितलं होतं. आमच्याकडे पडद्याने सांगितलं आणि माणसाने खुलासा केला. दोन्हीकडे माहिती खरी होती, वेळेवर मिळाली होती. तरी उपयोग झाला नाही, कारण ती मिळाल्यावर पोलिसाने काय करायचं हे कुणी ठरवूनच दिलेलं नाही. ड्रायव्हरने काय करायचं ते मात्र सगळे शिकवतात: हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लावा, विचारल्याशिवाय हलू नका. २०१७ मध्ये टेक्सासने कायदा करून शाळेत आणि ड्रायव्हिंगच्या वर्गात पोलिसांशी कसं वागायचं याचं शिक्षण सुरू केलं. माझ्या मुलीने ते घेतलं. चांगलं आहे. पण सोळा वर्षांच्या पोरीने शांत राहायचं आणि पोलिसाने पडद्यावरचा एक शब्द बघून पिस्तुलावर हात ठेवायचा, ही कुठली वाटणी?

कायद्यात पोलिसाला आधीच भरपूर वाव आहे. गाडीतून उतरायला सांगता येतं, ते सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच मान्य केलंय. स्वतःच्या किंवा इतरांच्या सुरक्षेसाठी गरज आहे असं वाजवी कारण असेल तर टेक्सासमध्ये लायसन्सधारकाचं हत्यार तात्पुरतं काढून घेता येतं, आणि अटक वगैरे नसेल तर सोडताना परत द्यावं लागतं. यात ‘वाजवी कारण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पडद्यावर एलटीसी दिसलं, हेच कारण होऊ शकतं का? पूर्वेकडच्या चौथ्या सर्किटच्या अपील कोर्टाने जानेवारी २०१७ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातल्या एका ट्रॅफिक स्टॉपच्या खटल्यात सांगितलं की थांबवलेला माणूस हत्यारबंद असल्याचा वाजवी संशय असेल तर तो धोकादायक धरून अंगझडती घेता येते, हत्यार कायदेशीर असलं तरी. त्या खटल्यातला माणूस खरंच बेकायदा हत्यारवाला निघाला, ते सोडा. हा तर्क आपल्याकडे आणला तर लायसन्स काढणं म्हणजे स्वतःच्या झडतीला आगाऊ सही देणं. टेक्सास त्या सर्किटमध्ये नाही, पण तो विचार रस्त्यावर येऊन पोचलाय, हे मी शनिवारी बघितलं.

‘पोलिसाच्या जिवाचं काय?’ असं विचारणाऱ्यांना एवढंच विचारतो, कोऱ्या पडद्याच्या माणसाकडे तो निर्धास्त जाणार का? जाऊ नये. या राज्यात आता प्रत्येक गाडीत बंदूक असू शकते हे धरूनच त्याने जायचं आहे. मग लायसन्सवाल्यालाच वेगळी वागणूक देऊन त्याची सुरक्षा किती वाढली?

एच-वन-बी वर असलेल्यांनी ‘आपल्याला तर बंदूक ठेवताच येत नाही’ म्हणून पुढे स्क्रोल करू नये. तुम्हाला फेडरल कायद्याने सहसा ठेवता येत नाही हे खरं. पण तुम्ही अशाच कुणाच्या तरी शेजारच्या सीटवर बसून घरी येता. मी बसलो होतो. माझेही हात ३५ मिनिटं डॅशबोर्डवर होते.

माझी मागणी साधी आहे. पडद्यावर एलटीसी दिसलं तर पोलिसाने आधी नेहमीच्या आवाजात विचारावं, ‘आज जवळ आहे का? कुठे आहे?’ उत्तर नाही असेल आणि खोटं वाटायला दुसरं काही कारण नसेल, तर दिव्याचं काम उरकून सोडावं. उतरवलं, अंगझडती घेतली किंवा हत्यार काढून घेतलं, तर का, ते लिहून ठेवावं, आणि ‘एलटीसी आहे’ एवढंच कारण तिथे चालू नये. फक्त एलटीसी दिसलं म्हणून गाडी तपासायची परवानगी मागू नये. हे सगळं डिपार्टमेंटच्या लेखी नियमात करता येतं, ऑस्टिनहून नवा कायदा यायची वाट बघायला नको.

नाहीतर काय होईल ते मित्राच्या घरी झालंच आहे. त्याचं एलटीसी पुढच्या वर्षी संपतंय. वहिनी म्हणाल्या, ‘आता रिन्यू करू नका.’ मला वाटलं त्या बंदूक विकायला सांगतायत. तसं नाही. बंदूक राहणार, लायसन्स जाणार. ‘अरे, कायद्याने लागतच नाही तर कशाला नाव लावून घेऊ?’ तो मला म्हणाला. त्याच्याकडे याला उत्तर आहे का म्हणून बघत होता. माझ्याकडे नव्हतं. पुढच्या वेळी त्याला थांबवणाऱ्या पोलिसाच्या पडद्यावर काहीच येणार नाही, आणि त्या रात्री कदाचित पिस्तूल गाडीत असेल.

कौन्सिलच्या पुढच्या मीटिंगला मी नाव देणार आहे. तीन मिनिटं मिळतात. आपल्यातले जे एलटीसीवाले आहेत आणि ज्यांना असा अनुभव आलाय, चांगला असो की वाईट, त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा, नाव न घेता सांगेन. चांगला अनुभव आधी लिहा. कुठल्या तरी पोलिसाने हे नीट केलेलं असणार, आणि चीफसमोर तेच उदाहरण ठेवायचंय.