करपलेल्या दाण्यांचे मोल

डाळ करपली की घरातल्या बाईला बोलणी खावी लागतात. माझ्या सासूबाई तर लाखोरीची डाळ लागली की गंज घासून पालथा घालेपर्यंत बोलत असत. आज त्या नाहीत, पण जुन्या काळच्या धान्याबद्दल वाचताना त्यांचीच आठवण आली. हजारो वर्षांपूर्वी कुणा बाईच्या हातून जे दाणे चुलीत सांडले, करपले, तेच बहुतेक आज शिल्लक आहेत! नीट शिजलेले पोटात गेले, उरलेले कुजले. कोळसा झालेल्या दाण्याला मात्र कीड लागत नाही की तो मातीत कुजत नाही.

उत्खननात चुलीजवळची, कणगीच्या तळची राखमाती पाण्यात कालवतात. माती खाली बसते, जळके दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत धरून वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. तांदूळ धुताना आपण पोचट दाणे वरच्या वर काढतो ना, तसेच. धान्यासोबत आलेल्या तणाच्या बियांवरून शेत ओलीचे होते की कोरडवाहू, याचाही अंदाज बांधता येतो. बी.ए.ला मी इतिहास घेतला होता. लढाया आणि सनावळ्या पाठ केल्या, पण या कामाबद्दल एक ओळ वाचल्याचे आठवत नाही.

नर्मदेकाठच्या नावडातोली येथे 1950 च्या दशकात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तिथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे गहू, मसूर, मूग, उडीद निघाले आणि त्यांच्यासोबत जवस व लाखोरीही! आपल्याकडे धान कापायच्या आधी ओल्या बांधीत फेकतो, तीच ही दोन बियाणी. लाखोरीवर 1961 मध्ये बंदी आली, महाराष्ट्रात ती 2008 मध्ये उठली. बंदीला कारण होते. दुष्काळात महिनोन् महिने तीच एक डाळ पोटात गेली तर पाय लुळे पडू शकतात. पण म्हणून ती ‘गरिबाची, वाईट डाळ’ ठरावी हे मला पटत नाही. वाईट होती ती दुसरे काही खायला न मिळण्याची वेळ.

अशा वेळा तेव्हाही येत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला 1968 ते 1983 पर्यंत खोदकाम चालले. तिथल्या धान्याचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या डॉ. मु. दि. काजळे यांनी केला. जव हे तिथले मुख्य पीक. पुढे हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शिकारीवर जास्त जगू लागले, असे डॉ. ढवळीकरांनी मांडले आहे. त्या झोपडीतल्या बाईने मुलांच्या ताटात काय वाढले असेल, हे कोणत्याही ताम्रपटात मिळायचे नाही. ते राखेतच शोधावे लागते.

आपल्या भागातही हे काम झाले आहे. नागपूर जिल्ह्यातल्या भागीमोहारीच्या लोहयुगीन वस्तीतले धान्य काजळे यांनीच तपासले. वैनगंगेकाठच्या पवनीत 1969-70 मध्ये उत्खनन झाले, स्तूप सापडले.

म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले तेव्हा जीव हळहळला. गावाबाहेरचे जुने टेकाड ट्रॅक्टरने कापणे चालले होते. अशा पांढरीच्या मातीत राख, शेण, हाडे मुरलेली असतात, म्हणून ती शेताला चांगली. कापलेल्या कडेला खापऱ्या आणि राखेचा काळा पट्टा स्पष्ट दिसत होता. मी बोलले, तर एक बाई म्हणाली, “ताई, मातीच त आहे, काहून थांबवता जी?”

तिचे चूक नाही, कुणी सांगितलेच नव्हते. मी गंज करपल्याची गोष्ट सांगितली तेव्हा साऱ्या हसल्या आणि मग ऐकू लागल्या. मला वाटते, जिथे खापऱ्या निघतात तिथली माती ग्रामसभेने उचलू देऊ नये, आणि पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला कळवावे. मूर्ती सापडली की सारा गाव धावतो, राखेसाठी कुणी येत नाही. खताची गरज तर खरीच आहे. त्यासाठी मामा तलावाचा गाळ आहे, तो काढला तर पाणीही जास्त साठेल.

पुढच्या बैठकीत गाळ काढायचा ठराव झाला. टेकाडाची एक बाजू मात्र तोवर गेली होती.