अर्धा नाला म्हणजे अर्धा फायदा नव्हे

पावसाळ्यात आमच्या वर्गातली हजेरी पावसावर ठरते. रात्रभर कोसळला की सकाळी सखल वस्त्यांतली मुलं गायब. दुसऱ्या दिवशी येतात ती भिजलेल्या वह्या घेऊन. घरात गुडघाभर पाणी होतं, अब्बांनी फ्रीज पलंगावर चढवला, अम्मी रात्रभर पाणी उपसत होती, असं सांगतात. म्हणून मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांच्या प्रकल्पाचा, म्हणजे ‘ब्रिमस्टोवॅड’चा हिशेब आम्हाला नुसत्या कोटींत मांडता येत नाही.

आधी फायद्याची बाजू. मुंबईच्या जुन्या गटारांची रचना तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून केलेली होती, आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत होतं. आज शहरभर सिमेंट आहे, मुरणार कुठे? नव्या आराखड्यात तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला आणि तो सगळा वाहून जाणार असं मानलं. मुलांना गणित घालतो तसं बघा: पूर्वी गटारात येणारं पाणी साडेबारा मिलिमीटर, आता ५०. म्हणजे चौपट क्षमता. हा फायदा खरा आहे, त्याला नाकारून चालणार नाही.

हिंदमाताचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. तिथलं पाणी साठवण्यासाठी दादरचं प्रमोद महाजन उद्यान आणि परळचं सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली टाक्या बांधल्या. पाणी तुंबायचं पूर्ण थांबलेलं नाही, पण ओसरायला लागणारा वेळ कमी झाला. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला या दोन-चार तासांची किंमत विचारा.

आता खर्च. या प्रकल्पाचा अहवाल १९९३ साली तयार झाला. तो बराच काळ कागदावरच राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो माणसं दगावली, तेव्हा कुठे फाईल जोरात हलली. त्या वेळी खर्चाचा अंदाज सुमारे १२०० कोटींचा होता. १९९३ च्या अंदाजाच्या तो जवळपास दुप्पट होता आणि नंतरही वाढतच गेला. उशीर हा सुद्धा खर्चच असतो, आणि तो करदात्याच्या खिशातून जातो.

दुसरी गोष्ट समुद्राची. मुंबईच्या बहुतेक नाल्यांची तोंडं भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात. त्या तासांत नाला कितीही रुंद असला तरी पाणी बाहेर पडत नाही, ते पंपानेच फेकावं लागतं. म्हणून आठ पंपिंग स्टेशनं ठरली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा झाली. मोगरा आणि माहुल मागे पडली. माहुलचं काम मिठागराच्या जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षं अडकलं. कुर्ला, सायन, चुनाभट्टी हा पट्टा याच केंद्राकडे डोळे लावून बसला आहे.

इथेच आमचा मुद्दा आहे. वरचे नाले रुंद केले आणि खाली पंप नाही, तर पाणी उलट लवकर खाली पोहोचतं आणि सखल भागात साचतं. अर्धं काम म्हणजे अर्धा फायदा, असं इथे होत नाही. फायदा वरच्यांना आणि पाणी खालच्यांना, असं होतं.

तिसरा खर्च घरांचा. नाला रुंद करायचा तर काठावरच्या झोपड्या हटतात. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलला पाठवलं होतं. तो प्रकल्प वेगळा, पण सबक तोच. शेजारी रिफायनरी, हवा खराब, शाळा-रोजगार लांब. शेवटी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लोकांवर माहुलची सक्ती करू नका. दुसरीकडे घर द्या, नाही तर महिना १५ हजार भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. ही रक्कम प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आधीच का नसते?

आणि शेवटी गाळ. नाला बांधला तरी दरवर्षी साफ करावा लागतो. मिठी नदीच्या गाळ उपशात सुमारे ६५ कोटींच्या गैरव्यवहाराचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये नोंदवला. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण लोकांचा पैसा अमानत आहे, हे विसरलं की सगळ्यात महागडा नालाही तुंबतो. आपणही एक कबूल करू: प्लास्टिकच्या पिशव्या नाल्यात फेकणारे हात आपल्याच मोहल्ल्यातले असतात.

मग प्रकल्प हवा की नको? आमचं मत, हवाच. पण पूर्ण हवा. मत मागायला येणाऱ्याला आणि वॉर्ड ऑफिसात बसलेल्याला, दोघांनाही तीन प्रश्न विचारा. आमच्या नाल्याचं पाणी भरतीच्या वेळी कोणता पंप फेकणार? हटणाऱ्या घरांना कुठे आणि कधी घर मिळणार? गाळ किती काढला, तो कुठे टाकला, याचा कागद कुठे आहे? उत्तर लेखी मागा. न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करा, फी फक्त दहा रुपये आहे. अर्ज लिहायला जमत नसेल तर मोहल्ल्यातल्या शिक्षकाकडे जा. आम्ही लिहून देऊ.