बियाण्याची शिफारस फुकट की पैसे घेऊन? नियम काय सांगतो

पेरणीच्या तोंडावर बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन-कपाशीच्या वाणांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. सांगणारा शेतकरीच असतो, म्हणून विश्वास बसतो. पण कंपनीने त्याला पैसे, फुकट बियाणे किंवा सहल दिली असेल तर? केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या २० जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते ठळकपणे सांगावे लागते, तेही शिफारशीच्याच भाषेत. मराठी व्हिडिओखाली बारीक इंग्रजी हॅशटॅग पुरत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे पक्के बिल, पिशवीवरचे लेबल आणि तो व्हिडिओ जपून ठेवावा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.